प्रगत गणिताच्या वर्गाची यादी कशी करावी : सोलापूरच्या महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांसाठी

आपल्याकडच्या सरकारी शाळांच्या वेळापत्रकात ‘प्रगत गणित’ नावाचा विषय नसतो, आणि म्हणूनच तो कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही याची नोंदही कुठे होत नाही. प्रत्यक्षात मात्र तो असतो. शिष्यवृत्तीच्या जादा वर्गात तो असतो, आठवीच्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत असतो, पाचवीच्या मुलांकडून करून घेतल्या जाणाऱ्या नवोदयच्या सरावात असतो, आणि मुले माध्यमिक शाळेत गेली की सेमी इंग्रजीच्या तुकडीच्या रूपाने तोच पुढे चालू राहतो. या सगळ्या ठिकाणी प्रवेशाचे दार एकच असते, ते म्हणजे वर्गशिक्षकाने जून-जुलैत केलेली नावांची यादी. ती यादी कशी करावी, कोणत्या नियमाने करावी आणि पुढे वर्षभर ती कशी सांभाळावी, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे. ते मुख्याध्यापक, गणिताचे शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी लिहिले आहे.

मी गणित शिकवीत असताना अशा याद्या कित्येक वर्षे केल्या आणि प्रत्येक वेळी त्या दहा मिनिटांत केल्या. ज्यांचे हात आधी वर जातात, ज्यांच्या वह्या स्वच्छ असतात, ज्यांचे पालक शाळेत येऊन विचारतात, अशी वीसेक नावे सहज सुचत. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी अशीच राहून गेली. तिची आई विड्या वळत असे. हजार विड्यांमागची मजुरी, कारखान्यात बाद ठरलेल्या विड्यांची वजावट आणि आठवड्याची उचल असा सगळा हिशेब ती मुलगी तोंडी करीत होती, हे मला मार्चमध्ये, शिष्यवृत्तीची परीक्षा होऊन गेल्यावर कळले. चूक माझी होती. पण मी बेफिकीर होतो म्हणून ती झाली असे मला वाटत नाही. यादी स्मरणावरून केली की ती अशीच होते.

म्हणून पहिला नियम असा की यादीची सुरुवात निवडक नावांपासून न करता पूर्ण हजेरीपटापासून करावी. त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही, कारण राज्यातील शासकीय आणि अनुदानित शाळांत ठरावीक इयत्तांच्या मुलांची नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे आपण जिला पॅट म्हणतो ती, गणितासाठीही होते. वर्षाच्या आरंभी पायाभूत चाचणी आणि नंतर संकलित मूल्यमापन अशा तिच्या फेऱ्या असतात, प्रश्नपत्रिका निरनिराळ्या माध्यमांत येतात आणि गुण शाळेतच असतात. बहुतेक शाळांत हे गुण ऑनलाइन भरले की विषय संपतो. ते त्याच आठवड्यात एका कागदावर उतरत्या क्रमाने मांडावेत, एवढेच करायचे आहे.

मात्र पॅट ही इयत्तेची अपेक्षित पातळी तपासते, मुलाचा आवाका तपासत नाही. त्यामुळे तिच्या जोडीला वर्गातील प्रत्येक मुलाला सोडवायला लावावी अशी पाच-सहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नपत्रिका शाळेने स्वतः तयार करावी. तिच्यातले प्रश्न वाचायला सोपे, पाठ्यपुस्तकात न आलेले आणि विचार दिसेल असे असावेत. उदाहरणार्थ, १ ते १०० या संख्या लिहिताना ७ हा अंक किती वेळा लिहावा लागतो? उत्तर २० आहे; पण १९ लिहिणाऱ्या मुलाने ७७ मधले दोन सात एकदाच मोजले आहेत, म्हणजे त्याची रीत बरोबर आहे, हे तपासणाऱ्याच्या लक्षात यायला हवे. दुसरा प्रश्न : एक बाई सहा तासांत ६०० विड्या वळते आणि दुसरी तेवढ्याच वेळात ४००, तर दोघी मिळून हजार विड्या किती वेळात वळतील? त्रैराशिकाचा भरपूर सराव झालेली मुले येथे तासाचा दर काढायला बसतात आणि ६६ पूर्णांक दोन तृतीयांशात अडकतात. ज्याला प्रश्न दिसला आहे ते मूल ‘सहाच तास’ असे लिहून पेन खाली ठेवते. तिसरा : १, १ अधिक ३, १ अधिक ३ अधिक ५ अशा बेरजा करीत जा आणि पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज पूर्ण न करता सांगा. येथे १०० हे उत्तर महत्त्वाचे नाही; ते कसे सुचले याबद्दल मुलाने लिहिलेली एक ओळ महत्त्वाची आहे, आणि ती ओळ चुकीच्या शुद्धलेखनात असली तरी तिला पूर्ण गुण द्यावेत.

ही प्रश्नपत्रिका तपासण्याचे काम शक्य असल्यास दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाला द्यावे आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी हजेरी क्रमांक असावा. आपल्या वर्गातला हुशार कोण हे आपल्याला आधीच ठाऊक असते आणि ते ठाऊक असणे तपासताना आड येते.

नियम आधी, नावे नंतर

गुण हाती येण्यापूर्वीच निवडीचा नियम कागदावर लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी. मी सुचवीन तो नियम असा : पॅटच्या गणितात वर्गातील वरच्या एक तृतीयांशात असलेले प्रत्येक मूल, शाळेच्या छोट्या प्रश्नपत्रिकेत वरच्या एक तृतीयांशात असलेले प्रत्येक मूल आणि शिक्षकाने कारण लिहून सुचवलेले प्रत्येक मूल यादीत येईल. तिन्ही अटी पूर्ण करण्याची गरज नाही, कोणतीही एक पुरे. शिक्षकाला नाव वाढविण्याचा अधिकार आहे, वगळण्याचा नाही. छत्तीस मुलांच्या वर्गात दोन्ही चाचण्यांतून बारा-बारा नावे येतात, त्यांतली बरीच समान असतात, आणि शिफारशीची धरून एकूण अठरा-वीसपर्यंत आकडा जातो. एवढी मुले कशी सांभाळायची, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. बाके तीच आहेत, फळा तोच आहे आणि मुले सकाळपासून त्याच खोलीत बसलेली आहेत. जागा कमी पडते ती निकालाच्या टक्केवारीत. वीस बसवून पाच शिष्यवृत्तीधारक झाले की टक्केवारी पंचवीस, आणि सहा बसवून पाच झाले की ती त्र्याऐंशी, हे गणित आपण सगळेच जाणतो. केंद्रप्रमुखांनी आणि अधिकाऱ्यांनी शाळेला टक्केवारी विचारण्याऐवजी ‘पटावर किती, वर्गात किती, परीक्षेला किती’ हे तीन आकडे विचारले, तर यादी आपोआप मोठी होईल.

यादी तयार झाली की पालकांची परवानगी मागू नये, त्यांना कळवावे. ‘आपल्या पाल्यास जादा वर्गात बसवायचे असल्यास नाव नोंदवा’ अशी चिठ्ठी पाठवली की चादरीच्या कारखान्यात कामाला जाणारा बाप ती वाचतोच असे नाही, वाचली तरी ‘जादा’ या शब्दात त्याला फी दिसते. त्याऐवजी ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे, वर्ग मोफत आहे, अमुक तारखेपासून सुरू होत आहे, नको असल्यास शाळेत येऊन लिहून द्यावे’ असे कळवावे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०२३ साली कायद्याने हीच रीत लागू केली : पाचवीच्या राज्यस्तरीय गणित चाचणीत वरच्या चाळीस टक्क्यांत आलेल्या मुलाचे नाव सहावीच्या प्रगत गणितात आपोआप घातले जाते, पालकांना नको असेल तर ते काढून घेता येते. फ्लोरिडातील एका मोठ्या जिल्ह्याने २००५ पासून शिफारशींवर न विसंबता दुसरीतल्या सर्वच मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी निवडल्या जाणाऱ्या गरीब आणि अल्पसंख्य मुलांची संख्या लक्षणीय वाढली. उलट बाजूचा अनुभवही अमेरिकेतलाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये समानतेच्या नावाखाली आठवीतले बीजगणितच काढून टाकले आणि सर्वांना ते नववीत दिले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, ते परत आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. तेव्हा भेदभाव नको म्हणून जादा वर्गच नको, हा युक्तिवाद कोणी करू लागल्यास तो मान्य करू नये. शाळेतला वर्ग बंद झाला तरी खासगी शिकवण्यांचे वर्ग चालूच राहतात.

यादी लावण्यापूर्वी ती एकदा हजेरीपटाशी ताडून पाहावी. वर्गात मुली निम्म्या असताना यादीत पाचच आहेत का? घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी मुले पटावर जितकी दिसतात तितक्या प्रमाणात यादीत दिसतात का? हंगामाबरोबर येणारी-जाणारी मुले तिच्यात आहेत का? ही तपासणी शिक्षकाने स्वतःपुरती करावी, वर्गात कोणाची जात किंवा भाषा वाचून दाखवू नये. प्रमाण बिघडलेले दिसले तर नावे भरून काढण्याच्या मागे न लागता आधी चाचणी कशी झाली ते पाहावे. कित्येकदा त्या दिवशी गैरहजर असलेली मुलेच सापडतात, आणि त्यांची चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली की काम होते.

सत्तेचाळीस आणि नलभै एडु

सोलापुरात हा भाग टाळून चालणार नाही. महापालिकेच्या शाळा मराठीखेरीज उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांतही चालतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, आणि तरीही पूर्व भागातल्या मराठी माध्यमाच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले मोठ्या संख्येने असतात. मराठीत आपण ४७ ला सत्तेचाळीस म्हणतो, म्हणजे एकक आधी आणि दशक नंतर उच्चारतो. तेलुगूत तीच संख्या नलभै एडु आणि कन्नडमध्ये नलवत्तेळु, म्हणजे दोन्हींत चाळीस आधी आणि सात नंतर. घरी एक क्रम आणि शाळेत दुसरा, अशा स्थितीत तिसरी-चौथीतले मूल श्रुतलेखनात ४७ ऐवजी ७४ लिहिते, तोंडी प्रश्नाला थबकते, आणि ‘याचे संख्याज्ञान कच्चे आहे’ असा शेरा त्याच्या नावावर बसतो. हे मूल गणितात कच्चे नसते, ते मनातल्या मनात भाषांतर करीत असते. म्हणून निवडीची चाचणी तोंडी घेऊ नये, संख्या फळ्यावर अंकांत लिहाव्यात, आणि उत्तर घरच्या भाषेत सांगितले तरी चालेल असे मुलांना आधी सांगावे. शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी वर्गात ती येणारे दुसरे मूल नक्की असते.

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांतूनही देता येते, ही माहिती त्या माध्यमांच्या शाळांत पुरेशी पोहोचलेली असते. सराव प्रश्नसंच मात्र मराठीत जितके मिळतात तितके इतर भाषांत मिळत नाहीत. जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून मराठी संचातले प्रश्न भाषांतरित करून घ्यावेत. गणिताच्या प्रश्नात भाषांतरासारखे असते तरी किती?

वर्ग शाळेच्या वेळेत घ्यावा

न्याय्य यादी करून वर्ग संध्याकाळी साडेपाचला ठेवला तर यादीचा काही उपयोग राहत नाही. विडी वळणाऱ्या आईला हाताशी मुलगी हवी असते, धाकट्या भावाला बालवाडीतून आणायचे असते, खेड्यात शेवटची एसटी गाठायची असते, आणि अंधार पडल्यावर मुलीने एकटीने यावे हे कोणत्याच घराला पटत नाही. महिन्याभरात वर्गात उरतात ती घर जवळ असलेली आणि घरी काम नसलेली मुले. त्यामुळे आठवड्यातून किमान चार तासिका शाळेच्या वेळेत, शक्यतो परिपाठानंतर लगेच ठेवाव्यात. एकाच इमारतीत दोन सत्रांत शाळा भरत असेल, तर दोन सत्रांच्या मधला वेळ रिकामा समजू नये. त्या वेळात एका सत्राची मुले घरी निघालेली असतात आणि दुसऱ्या सत्राची पोहोचलेली नसतात. ज्या तासिकेत उरलेल्या मुलांना खेळ किंवा चित्रकला असते, ती या मुलांकडून काढून घेऊ नये. गणितासाठी खेळ गमवावा लागला की चांगली मुले स्वतःहून नाव काढून घेतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

ऊसतोडीच्या हंगामाचा विचार वेगळा करावा लागतो. गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते, आणि शिष्यवृत्तीची परीक्षा सहसा नेमकी फेब्रुवारीत येते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलांचा अर्ज ऑक्टोबरपूर्वी हाताशी ठेवावा, त्यांना बारा आठवड्यांचे प्रश्न एका वहीत लिहून द्यावेत, आणि ती ज्या गावच्या फडावर जाणार असतील तिथल्या शाळेला फोन करून हे मूल शिष्यवृत्तीच्या वर्गातले आहे एवढे कळवावे. हेच उलट दिशेनेही खरे आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की बाहेरून येणारी मुलेही आपल्याच शाळांत बसतात, आणि नोव्हेंबरात दाखल झालेल्या मुलाला ‘यादी जुलैतच झाली’ हे उत्तर देता येणार नाही. शहरातल्या शाळांनी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा सरावात धरू नये. मी धरून पाहिला आहे.

अर्ज, दाखले आणि पैसे

शिष्यवृत्ती परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांना आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न १०० गुणांना असतात, म्हणजे एकूण ३०० पैकी २०० गुण या वर्गातल्या कामावर अवलंबून असतात. या परीक्षेच्या इयत्ता शासनाने आजवर बदलल्या आहेत, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच वर्ग ठरवावा. एनएमएमएस ही आठवीची परीक्षा खास आपल्याच शाळांसाठी आहे : शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसलेल्या मुलांना ती देता येते, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तरीही पात्र मुले अर्जापर्यंत पोहोचत नाहीत, कारण उत्पन्नाचा दाखला. रोजंदारीवरच्या माणसाला तहसील कार्यालयाच्या दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून जुलैतच सर्व मुलांची कागदपत्रे पाहून, ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांच्या पालकांना एकाच दिवशी एकत्र पाठवावे आणि शक्य असल्यास सोबत शाळेतले कोणीतरी जावे. आधार कार्डावरचे नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव जुळते का, हेही तेव्हाच पाहावे. तेलुगू आडनावांची स्पेलिंगे तीन कागदांवर तीन असतात.

नवोदयसाठी सोलापूर जिल्ह्याचे विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न असतात, त्यांपैकी २० अंकगणिताचे आणि ४० मानसिक क्षमतेचे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात, हे पालक सभेत सांगावे.

परीक्षा शुल्क आणि सरावसंच यांचा खर्च मुलांकडून घेऊ नये. ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी किंवा समितीचा निधी यांतून तो भागवावा. शिक्षकाने त्याच मुलांची पैसे घेऊन शिकवणी घेणे हे तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने निषिद्धच आहे.

दार वर्षातून दोनदा उघडावे

पहिल्या संकलित मूल्यमापनानंतर, म्हणजे दिवाळीची सुट्टी संपताच, त्याच नियमाने यादी पुन्हा करावी. नवी नावे वाढतील. जुनी कमी करू नयेत. जे मूल मागे पडले आहे त्याला भागाकार किंवा अपूर्णांकातला नेमका कोणता दुवा निसटला आहे ते शोधून पंधरा दिवस तेवढेच शिकवावे. नंतर आलेल्या मुलाला आधीच्या वर्गाच्या वह्या द्याव्यात आणि जोडीला एक जुना विद्यार्थी द्यावा.

सेमी इंग्रजीच्या तुकडीची निवड हीही यादीच आहे आणि तिला हाच नियम लावावा. पाचवी किंवा आठवीत इंग्रजीच्या गुणांवर ही तुकडी पाडली जाते आणि मग चांगले गणित तिथेच शिकवले जाते, असा प्रकार सर्रास चालतो. गणितात पुढे असलेल्या पण इंग्रजीत मागे असलेल्या मुलाला त्यात जागाच उरत नाही. अशा मुलांसाठी आठवीपासून एक शब्दवही करून घ्यावी : डावीकडे बहुपदी, चल, अवयव, त्रिज्या, उजवीकडे पॉलिनॉमियल, व्हेरिएबल, फॅक्टर, रेडियस, आणि खाली त्या शब्दाचा एक सोडवलेला प्रश्न. अकरावी विज्ञानात गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मुले गणितापेक्षा शब्दांनीच अधिक गांगरतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले असल्यामुळे दहावीच्या शिक्षकांनी पसंतीक्रम भरतानाही मुलांजवळ बसावे, आणि ‘मुलगी आहे, जीवशास्त्र घे, गणित सोड’ हा सल्ला देण्यापूर्वी अभियांत्रिकीच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण गणिताचे असतात हे तिला सांगावे. मग तिने काय घ्यायचे ते तिने ठरवावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे कायदा सांगतो. या समितीपुढे यादी, नियम आणि वर सांगितलेले तीन आकडे वर्षातून दोनदा ठेवावेत. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक असावा ही तरतूदही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. पद रिक्त असेल तर समितीने ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावा आणि पोहोच घ्यावी.

शेवटचे काम बदलीचे. जिल्हा परिषद शाळेत चांगला चाललेला वर्ग बंद पडतो तो बहुधा शिक्षकाची बदली झाल्यामुळे. म्हणून निवडीचा नियम, दोन्ही चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, गुणांचे तक्ते, स्थलांतरित मुलांच्या शाळांचे दूरध्वनी, कोणाचा दाखला काढायचा राहिला आहे याची नोंद आणि भाषांतरित प्रश्नसंच एका फाइलमध्ये ठेवावेत, आणि चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या व जड वस्तू नोंदवहीबरोबर त्या फाइलचाही स्वतंत्र उल्लेख करून नव्या शिक्षकाची सही घ्यावी.